धानाच्या वासावर उतरलो ती संध्याकाळ

आज खिडकीतून राईस मिलमधल्या उकडत्या धानाचा वास आला आणि मी खुर्चीतून उठून पिशवी शोधू लागलो.

नोकरीसाठी रोज गोंदिया-नागपूर अपडाऊन करायचो, तेव्हा परतीच्या गाडीत आमची अख्खी टोळी झोपायची. हा कोमट, आंबूस वास नाकात शिरला की समजायचं, गोंदिया आलं. एका हिवाळ्यात मात्र मी या अपडाऊनला वैतागून नागपुरात राहायला खोली पाहून ठेवली होती. एका संध्याकाळी वास आला आणि आम्ही सगळे डोळे चोळत उतरलो. गाडी निघून गेल्यावर पाटी दिसली, गोंदियाच्या अलीकडचं तिरोडा! तिथे स्टेशनाजवळ नवी मिल सुरू झाली होती.

"उतरा आनखी नाकाच्या भरोशावर!" म्हणत आमच्या टोळीतली मेश्रामबाई बाकावर बसली आणि जी हसत सुटली! मग कुणी चिवडा काढला, कुणी डब्यातली उरलेली पोळी. पुढची गाडी येईपर्यंत कुडकुडत, पोट दुखेस्तोवर हसलो. खोलीचा विषय मी त्या बाकावरच सोडला. एवढ्या वर्षांच्या नोकरीतली तीच संध्याकाळ आज लख्ख दिसते.

पिशवी घेऊन दाराशी पोचलो, तर बायको म्हणाली, "कायले उठून राहिले? बसा. कवाच आलं तुमचं गोंदिया!"