चौथा नट

दुपारचं जेवण होतं आणि गिरीधर गाडीच्या मागच्या सीटवरच आडवा होतो. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, रघुवीरदादाची. दादाला जाऊन पाच महिने झाले. चाकाचा नट काढताकाढताच तो अंगणात कोसळला. तेव्हापासून गाडी श्रीवर्धनच्या खाऱ्या वाऱ्यात पंक्चर चाकावर उभी आहे. वहिनींनी ती विकलीय, उद्या न्यायला माणूस येणार. सकाळपासून तीन नट निघाले, चौथा जागचा हलत नाही. रॉकेल ओतून झालं, पान्याला पाइप घालून त्यावर उभं राहून झालं. डोळे मिटतात, तरी बोटं पाना धरल्यासारखी वळलेलीच राहतात.

कोणीतरी काच वाजवतं.

"गिऱ्या, नुसत्या जोराने नाही निघायचा तो."

दादा चाकाशी उकिडवा बसलाय. अंगात बनियन, कपाळावर घाम. गिरीधर खाली उतरतो, तर पायाखाली अंगण नाही, त्यांच्या शाळेचा वर्ग आहे. बाकं भिंतीला सारलेली, मधोमध गाडी. दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

"आधी ते रॉकेल पूस, नाहीतर पेटशील," दादा सांगतो. "मग नट चांगला तापव आणि बुडाशी मेणबत्ती टेकव. मेण पातळ होऊन आट्यांत शिरतं. मग फिरतो बघ."

"तू केलंस असं?"

"करतच होतो. पाइप धरायला माणूस नव्हता."

गिरीधर मान खाली घालतो. वर बघतो तर फळा दिसत नाही, दवाखान्याचा लांबलचक बोळ दिसतो आणि गाडी त्या बोळात उभी आहे. दादा मेणबत्ती पेटवतो.

"तुझे पाव्हणे गेले का रे?"

"कुठले पाव्हणे?"

"मी फोन केला तेव्हा घरी आले होते ना? उद्या येतो म्हणालास."

"पाव्हणे नव्हतेच, दादा. मी मॅच बघत होतो."

दादा ज्योतीकडे बघत राहतो.

"माहीत होतं. फोनमध्ये ऐकू येत होती," तो म्हणतो. मग सहज विचारावं तसं विचारतो, "कोण जिंकलं?"

गिरीधर आठवू बघतो. आठवत नाही.

"धर जरा," दादा मेणबत्ती पुढे करतो. ती कलते आणि मेण गिरीधरच्या मनगटावर सांडतं.

"भाजलं?"

"हो."

"भावजी, कण्हत होतात." गाडीच्या दारापाशी वहिनी चहा घेऊन उभ्या आहेत. अंगणात ऊन आहे.

तो उठून बसतो. कप घेत नाही.

"वहिनी, त्या दिवशी दादाने मला बोलावलं होतं. अर्ध्या तासावर होतो मी. खोटं बोललो, आलो नाही."

वहिनी कप गाडीच्या टपावर ठेवतात.

"मला वाटायचं, यांनी कुणाला हाकच मारली नाही," त्या म्हणतात. आवाज रागाचा आहे की कसला, त्याला कळत नाही. मग त्यांची नजर खाली जाते. "हातावर काय पडलंय?"

मनगटावर पांढरा थेंब आहे. वहिनी वाकून तो नखाने खरवडतात. मेण अजून मऊ आहे, आणि खालची कातडी लालभडक.