लाल बर्फाचा दोष

परक्या माणसापुढे माझं तोंड उघडत नाही. पण ह्या मेल्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

सगळे त्याला महाराज म्हणतात. पूर्वी कुरुंद्यात लोकांच्या मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायचा, आता पत्रिकेत ग्रह भरतो. जुने पुरेनात म्हणून त्यानं एक नवा आणला. सूर्यापासून फार लांबचा, छोटासा, बर्फाचा आणि रंगानं लाल. आमच्या सुनेला लेकरू होत नाही, त्याला म्हणे हाच गोळा कारण. तो तिच्या राशीतून निघेपर्यंत तिला माहेरी ठेवा, असं त्यानं बैठकीत बसून सांगितलं. मालकांनी लगेच मान हलवली. हळदीचं बेणं घ्यायचं तर चार गावं फिरणारा माणूस हा. आणि आमचा मुलगा, तिचा सख्खा नवरा, बशीतला चहा फुंकत राहिला.

सून माझ्याजवळ स्वयंपाकघरात होती, कपड्यांची पिशवी भरत. ती बी.एस्सी. झालेली आहे. मी हळूच विचारलं, बर्फ लाल काहून असंल?

"आत्या, दूध मंद जाळावर राहिलं की तांबूस पडतं ना, तसंच," ती म्हणाली. "लई काळ किरणं खाऊन वरची साय लाल होती. तिथं असे किती तरी गोळे हायेत. काही राखाडी, काही गेरूसारखे."

त्यातल्या लांबच्या एकाला सूर्याभोवती एक फेरा मारायला हजारो वर्षं लागतात, असंही तिनं सांगितलं आणि रडता रडता हसली.

मी पदर घेऊन दारात गेले. चौकटीकडं बघतच विचारलं, महाराज, हा राशीतून निघतो कधी?

"सव्वा महिन्यात," तो म्हणाला.

बाळंतिणीचा हिशेब. ग्रहाच्या नावानं दुसरा आकडाही ह्याला सुचला नाही. इतका आळशी लबाड मी पाहिला नव्हता, आणि माझ्या घरचे दोन पुरुष त्याच्यापुढे हात जोडून बसले होते.

"सून कुठं जात न्हाई," मी म्हणाले. "जायचं तर दवाखान्यात जाईल. अन् तपासणी दोघांची होईल."

मुलानं बशी खाली ठेवली. मालक माझ्याकडं असे बघत राहिले, जणू दारच बोललं. महाराजाला तेवढ्यात दुसरं घर आठवलं.

सकाळी मुलगा अन् सून जीपनं हिंगोलीच्या दवाखान्यात निघाले. निघताना मुलगा म्हणाला, माझं पोट दुखून राहिलं.

मी म्हणाले, तेही दाखव.