साल्झबर्गमध्ये माझ्यासाठी धरलेली जागा

आधीच सांगते, मी फार्मासिस्ट आहे. दृष्ट, चकवा, स्वप्नात येणारे पूर्वज... असलं काही कुणी सुरू केलं की मी सरळ विषय बदलते. त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

गेल्या जूनमधली गोष्ट. मी वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलमध्ये राहते, धाकटी बहीण मंजू पुण्याला. दोघींनी साल्झबर्गला जायचं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे मीच! शाळेत असताना मी व्हायोलिन शिकायचे, तेव्हापासून संगीतासाठी नावाजलेल्या त्या गावाचं वेड मला. मंजूला गाणं आणि भोंगा यातला फरक कळत नाही. पण ऐनवेळी आमच्या फार्मसीतल्या दोघी फ्लूने आडव्या झाल्या, माझी रजा रद्द झाली, आणि मंजू नवऱ्याला, शिरीषला, घेऊन गेली. बेत माझा, फिरणार ती.

मग सुरू झाले व्हिडिओ कॉल. "ताई, हा किल्ला बघ! ताई, या चर्चचं छत बघ, नुसतं कोरीवकाम!" मी इथे पावसात वॉशिंग कुठे वाळत घालू या विवंचनेत. "वा, मस्त," म्हणायचे आणि फोन ठेवला की भांडी आदळायचे. जळफळाट झाला होता माझा... खोटं कशाला बोलू?

शनिवारी सकाळी पुन्हा फोन. तिथे शुक्रवारची संध्याकाळ, कॅथीड्रलमध्ये कॉन्सर्ट सुरू व्हायची होती. मंजूने शेजारी बाकावर ओढणी टाकून जागा अडवलेली — युरोपात जाऊनही! एक गोरे आजोबा बसायला आले तर ही म्हणते, "सॉरी, माय सिस्टर इज कमिंग." आणि मला डोळा मारून, "धरली बघ तुझी जागा. ये पटकन!"

तिने गंमतच केली होती. पण मला इतकं लागलं ते... "ऐक तूच," म्हणाले आणि फोन कट केला. मग रागारागात पॅंट्री आवरायला काढली. माझी लेक ईशा समोरच टोस्ट खात बसली होती.

कॉन्सर्ट संपल्यावर मंजूचा फोन आला. रडत होती.

"ताई, इतक्या लांब आलीस आणि न बोलता गेलीस?"

"कुठे आले?"

"नाटकं नको करूस! मघाशी फोनवर घरी असल्याचं सोंगच केलंस ना? वाजवायला सुरुवात झाली आणि तू येऊन बसलीस. माझी ओढणी मांडीवर घेतलीस. मी हात धरला तुझा, मनगटावरचा कुकरचा डागसुद्धा दिसला मला. तर तू ओठांवर बोट ठेवलंस, ऐकू दे म्हणून. टाळ्या संपल्या, वळून बघते तर तू नाहीस!"

मी फोन स्पीकरवर टाकला. ईशा वैतागून म्हणाली, "मावशी, मम वॉज हिअर द होल टाइम. क्लीनिंग द पॅंट्री. लाइक, रिअली लाउडली."

मग शिरीषने फोन घेतला. तो इंजिनियर, उगाच काही बोलणारा माणूस नाही. "ताई, मीपण पाहिलं तुम्हाला. आणि ते मघाचे आजोबा आत्ता विचारून गेले, तुमच्या मेहुणीबाई कुठे गेल्या म्हणून."

माझ्यासारखी दिसणारी कुणी असेल? मनगटावरच्या डागासकट? तिघांना एकदम भास? मी सगळ्या शक्यता धरून पाहिल्या. एकही पटत नाही.

भीती म्हणाल तर नाही वाटली. फोन ठेवताना मंजू हळूच म्हणाली, "किती खूश दिसत होतीस गं ताई... इतकी खूश मी तुला कधी बघितलीच नाही." ते वाक्य मात्र अजून डोक्यातून जात नाही.

कारण मला एक सूर ऐकू आला नाही हो. मी डाळींचे डबे पुसत होते.

मंजूचा हेवा आता वाटत नाही. त्या बाईचा वाटतो. ती कोण, आली कशी, गेली कुठे, आजपर्यंत कळलेलं नाही. पण माझा चेहरा लावून, माझ्या बहिणीचा हात धरून, ती सगळं ऐकून गेली.