टर्बो आणि बैलजोडी

सासऱ्यांच्या परदेशी गाडीचं टर्बो इंजिन मी हौसेने अंगणात खोलून पुन्हा जोडलं, तेव्हापासून ती काळा धूर ओकत रोज पोशीरच्या रस्त्यावर बंद पडायची. मग एक म्हातारा न बोलावताच बैल जुंपायचा, बॉनेटवर मांडी घालून बसायचा आणि मला घरी आणायचा. बैलांची नावं त्याने सांगितली, स्वतःचं नाही.

सासरे नेरळ स्टेशनवर उतरणार म्हणून त्यांना आणायला निघालो, त्या दिवशीही तेच. दोर बांधताना मला आठवलं: धूळ जाऊ नये म्हणून टर्बोच्या तोंडात कोंबलेला चिंध्यांचा बोळा आतच राहिलाय! तो उपसला, म्हातारा बॉनेटवर चढला आणि मी रेस दिली, तशी टर्बोने शिट्टी मारली आणि बैल गाडीसकट नेरळकडे उधळले. कोण कुणाला ओढतंय, कळेना.

स्टेशनसमोर सासरे आ वासून उभे. बॉनेटवरून म्हातारा म्हणाला, "बसा पावनं, आज दोनी इंजनं चालू हायत!"