अलिशिबाबाईंच्या घरची प्रार्थना

जूनमध्ये शाळा उघडतात आणि पोरं नव्या गणवेशात मिरवतात, पण त्या गणवेशापायी मार्चपासूनच सोलापुरात किती जणींच्या पाठीचे काटे ढिले होतात ते कुणाला ठाऊक नसतं. अलिशिबाबाई कसबे त्यातल्याच एक. अशोक चौकातल्या एका कारखान्यात त्या कॉलर लावायला बसायच्या. वय साठीला टेकलेलं. उजव्या हाताचा अंगठा दुखून दुखून सुजलेला, आणि कॉलरचं टोक नीट बाहेर काढायला नेमका तोच अंगठा लागायचा. वर पत्रा तापलेला, पंखा असून नसल्यासारखा. संध्याकाळी रामवाडीला घरी पोचेपर्यंत पायांत शिसं भरल्यागत व्हायचं.

आठवड्यात सुट्टीचा म्हणून एक रविवार. पण तोही त्यांचा नव्हता. रविवारी सकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये संडे स्कूल, आणि संडे स्कूल म्हणजे अलिशिबाबाई. लग्नाआधी, मॅट्रिक झाल्या झाल्या, तेव्हाच्या पाळकसाहेबांनी त्यांना ‘जरा दोन महिने सांभाळ’ म्हणून पोरांच्या पुढं उभं केलं, ते दोन महिने काही अजून संपले नव्हते. पाळक बदलले, हॉलचे पत्रे बदलले, बाई त्याच. ज्यांचं नाक पदरानं पुसलं ती पोरं आता मिशा ठेवून आपल्या लेकरांना फटफटीवरून सोडायला यायची, आणि उपासनेला न थांबता तशीच परत जायची. बाई त्यांना फाटकातच गाठायच्या.

“काय रे, लेकराला पोस्टात टाकल्यागत टाकून चाललास? घरी प्रार्थना करता का न्हाई?”

“करतो की बाई.”

“कोण करतं? तू का तुझी आई?”

मग तो हसून किक मारायचा. बाई मागून ओरडायच्या, “अरे, मी हितं तासभर शिकवणार. बाकी सारा आठवडा ते तुझ्याच घरात ऱ्हातंय. लेकरू कानानं शिकत न्हाई, डोळ्यानं शिकतंय!”

हे सांगायचा त्यांना अधिकार होता. सून म्हणून त्या घरात आल्या त्या दिवसापासून संध्याकाळी दिवेलागणीनंतर सतरंजी पडली नाही असं झालं नव्हतं. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण त्यांनीच ही चाल घातली होती, आणि जाताना सुनेचा हात धरून एवढंच बोलल्या होत्या, ‘सतरंजी गुंडाळू नको.’ एक गीत, शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक उतारा, मग प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. नवरा वारला त्या दिवशीसुद्धा ती झाली. आता घरात मुलगा शांतवन होता, तो टेम्पो चालवायचा. सून नीलम्मा अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली, घरात कानडी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातली. आणि नात सुवार्ता, चौथीतून पाचवीत गेलेली. बाईंना देवाकडं आता स्वतःसाठी काही मागायचं राहिलं नव्हतं. एकच घोर होता. आपण गेल्यावर ह्या घरात ही सतरंजी कोण अंथरणार? शांतवनला प्रार्थनेत जांभया यायच्या. नीलम्मा डोळे मिटून बसायची आणि वेळेवर आमेन म्हणायची, त्यापलीकडं तिचा शब्द नाही. दोघांच्या मधे बसलेलं ते लेकरू काय बघून मोठं होणार?

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी बाईंची प्रार्थना निम्म्यात आली असेल, तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, “पाणी आलं! पाणी आलं!”

सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा सांगून येत नाही. आमेन कुणी म्हणालं का नाही कुणास ठाऊक. शांतवन मोटर लावायला पळाला, नीलम्मानं पिंपाची झाकणं काढली, सुवार्ता कळशी घेऊन धावली. बाई सतरंजीवर एकट्याच राहिल्या. मग त्याही उठल्या, कारण पाणी भरायला चार हात कमीच पडतात. सगळं भरून झाल्यावर जेवणं झाली आणि जो तो आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर बाई भिंतीला टेकून बसल्या. कुणीतरी सतरंजी अंथरेल म्हणून वाट बघू लागल्या. म्हटलं बघू तरी, आपण नाही प्रार्थनेचं काढलं तर कोण काढतंय. नीलम्मा भाकऱ्या थापत होती. शांतवन मोबाइलवर कुणाशी तरी भाड्यावरून भांडत होता. सुवार्ता पालथी पडून चित्र रंगवत होती. वेळ टळून गेली. कुणी हूं का चूं केलं नाही.

तिसऱ्या दिवशीही तेच. बाईंना मनातून संताप आला. पण खरं सांगायचं तर संतापाच्या खाली आणखी एक गोष्ट होती. त्यांना बरं वाटत होतं. गुडघे मोडून बसायचं नाही, गीत ओढायचं नाही, उतारा शोधायला चष्मा हुडकायचा नाही. जेवून पाठ टेकली की डोळा लागायचा. इतकी वर्षं गाडा ओढलेल्या बैलाच्या मानेवरचं जू कुणी काढलं, तर बैल काय ते परत घाला म्हणेल? आपल्याला बरं वाटतंय हेच बाईंना सलायचं, आणि सलता सलताच झोप लागायची.

असा रविवार उजाडला.

त्या दिवशीचा धडा होता आजीचा विश्वास आईत आणि आईचा लेकरात कसा उतरला याचा. बाईंनी तो किती वेळा शिकवला असेल त्याला गणती नाही, तोंडातून आपोआप निघायचा. आणि धडा संपल्यावर दर वेळी विचारायच्या तो प्रश्नही आपोआप निघाला.

“सांगा बरं, कुणाकुणाच्या घरी संध्याकाळी प्रार्थना होते? हात वर.”

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. पण बाण सुटला होता. पोरांचे हात वर झाले, काही खरे, काही बाईंच्या भीतीनं. पहिल्या ओळीत बसलेल्या सुवार्तानं मात्र दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

मागून अनमोल नावाचं वात्रट कार्टं ओरडलं, “बाई, सुवार्ताचा हात खाली हाय! बाईंच्याच घरी न्हाई!”

हॉलभर हसू फुटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, भर सकाळी. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली, “गप बसा!” पोरं गप्प झाली. सुवार्ता लाल होऊन खाली बघत होती. पोरीनं नुसता हात वर केला असता तर काय बिघडलं असतं, असं बाईंच्या मनात आलं, आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. खोटं बोलू नये हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, ह्याच ओळीत बसवून.

उपासनेत बाईंचं लक्ष लागलं नाही. घरी येताना ऊन मी म्हणत होतं. बाईंनी पदर नातीच्याही डोक्यावर ओढला आणि दोघी सावली धरून चालत राहिल्या.

“हात का न्हाई केलास गं वर?”

“होत न्हाई की आपल्याकडं.”

“होत व्हती.”

“व्हती. पण आता तू बसतच न्हाईस. मम्मी म्हणली, आज्जी लई दमलीय, तिला कुणी उठवू नका. म्हणून मी पण हळूच रंगवते.”

बाई थांबल्या. “आनि तुझा बाप?”

“पप्पा म्हणले, आईनं काढलं की बसू.”

 बाईंना वाटलं होतं घर विसरलं. घर तर चवड्यावर चालत होतं. त्यानं राग जायला हवा होता, पण तो गेला नाही, नुसता कुणावर काढावा ते कळेना.

घरात रश्श्याचा वास भरला होता. शांतवन फरशीवर उघड्या पाठीनं लोळत होता. बाईंनी चप्पल काढता काढताच सुरुवात केली.

“भर संडे स्कूलात आज माझं नाक कापलं गेलं. जगाला शिकवते, आनि माझ्या घरात मी चार दिवस आडवी झाले तर सतरंजी अंथरायला कुणी न्हाई! उद्या मी मेले तर?”

“आई, आल्या आल्या मरणावर नको गं येऊ,” शांतवन उठून बसला. “तुला आराम पाहिजे म्हणूनच...”

“मग तुमी करायची! तुमाला तोंड न्हाई?”

नीलम्मानं गॅस बारीक केला. ती सहसा सासूला, कानडीतल्या तिच्या अत्तीला, उलटून बोलायची नाही. आज पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

“तुमी कवा करू दिलात, अत्ती?”

“मी? मी कवा नको म्हणले?”

“लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी तुमीच म्हणला, नीलू, आज तू कर. मी केली. माझ्या माहेरची म्हस आजारी व्हती, अप्पाला घास जात नव्हता, म्हणून म्हशीसाठी मागितलं. आमेन झाल्यावर तुमी म्हणला, प्रार्थनेत आधी स्तुती, मग पापकबुली, मग मागणं. आनि म्हस आणायची न्हाई.” नीलम्माचा आवाज वाढला नव्हता. “तवापासून मी आमेनच म्हणतीय.”

शांतवनला हसू आवरेना. “तुझं एकदाच झालं. मला लहानपणी तीन-तीनदा परत करायला लावायची. चूक झाली की पहिल्यापासून. मी म्हणलं, हिचंच चालू दे बाबा, बिनचूक असतंय.”

बाईंनी आठवून बघितलं. म्हैस काही आठवेना. असं आपण बोललो असणार यात मात्र त्यांना शंका नव्हती. पाण्याचा तांब्या घेऊन त्या खाटेवर बसल्या, एक घोट घेतला.

“जगली का ती?”

“कोण?”

“म्हस.”

“न्हाई,” नीलम्मा म्हणाली. “मेली.”

 सुवार्तानं आईकडं बघितलं, मग आजीकडं. रस्सा उतू जायला लागला तशी नीलम्मा आत पळाली.

संध्याकाळी सतरंजी बाईंनीच अंथरली. चौघं बसली. गीत झालं, कसंबसं, कारण शांतवनचा सूर एकीकडं आणि बाईंचा दुसरीकडं. उतारा सुवार्तानं अडखळत वाचला. मग बाईंनी डोळे मिटायच्या ऐवजी सुनेकडं बघितलं.

“नीलू, आज तू.”

“मला तुमच्यावानी मराठीत येत न्हाई, अत्ती.”

“मग कानडीत कर. देव काय दुभाषी हुडकत बसणाराय?”

नीलम्मानं पदर डोक्यावर घेतला.  मग ती बोलायला लागली ती अगदी हळू, माहेरी आईशी फोनवर बोलायची तशी. बाईंना कानडी बाजारापुरतं कळायचं. ‘देवरे’ कळलं. मधेच गॅसच्या टाकीचं नाव आलं आणि सुवार्ता फिसकन हसली, मग शांतवनच्या टेम्पोचं आलं. कुठं स्तुती, कुठं मागणं, कशाचा कशाला पत्ता नव्हता, आठवेल तसं चाललं होतं. बाईंची जीभ टाळ्याला लागून शिवशिवत होती. आणि मग त्यांना ऐकू आलं, ‘अत्ती’, आणि त्याच्या पाठोपाठ ‘कै’. कै म्हणजे हात. एवढं त्यांना कळत होतं. सून त्यांच्या हातासाठी मागत होती.

बाईंनी सुजलेला अंगठा दुसऱ्या मुठीत धरला. घरात आजवर सगळ्यांसाठी त्यांनी मागितलं होतं. त्यांच्यासाठी कुणी काय मागतंय हे ऐकायची पाळीच आली नव्हती. आमेन म्हणताना त्यांचा आवाज फुटला, तो त्यांनी खोकून झाकला.

“आता उद्या कोण?” सुवार्तानं विचारलं.

“उद्या मला लोडिंग हाय,” शांतवन चटकन बोलला.

“उद्या तू,” बाई म्हणाल्या. “लोडिंग झाल्यावर.”

सोमवारी कुठल्याशा शाळेचे मुख्याध्यापक का कोण ते गणवेशासाठी घाई करत होते म्हणून कारखान्यात ओव्हरटाइम झाला. बाई घरी आल्या तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं. सतरंजी मात्र पडलेली होती, एक कोपरा दुमडलेला. ती नीलम्मानं घातली का पोरीनं, त्यांनी विचारलं नाही. शांतवन अंघोळ करून बसला होता, बारशाला आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून.

गीत झालं, उतारा झाला. मग सगळे डोळे मिटून थांबले.

शांतवन काही बोलेना. पंखा खडखडत होता. बाहेर कुणाच्या तरी टीव्हीवर जाहिरात लागली आणि संपली. अलिशिबाबाईंच्या ओठांवर पहिलं वाक्य तयार होतं, इतक्या वर्षांचं, बिनचूक. ते त्यांनी उच्चारलं असतं तर शांतवन सुटला असता, आणि जेवणंही वेळेवर झाली असती. त्यांनी दात दाबून धरले. कारखान्यातली आख्खी पाळी त्यांना एवढी जड गेली नव्हती. सुवार्तानं एक डोळा किलकिला करून आजीकडं बघितलं. बाईंनी मानेनं तिला खुणावलं, डोळे मिट.

“देवा,” शांतवन म्हणाला, आणि परत थांबला.

बाई गप्पच राहिल्या.