फाईलमधलं देखणं कात्रण

बोलण्यात मी कोणाला हार जात नाही. माहेर मूल गावचं, नोकरी चंद्रपुरातल्या एका खासगी दवाखान्यात, जनसंपर्क अधिकारी. बारा वर्षं झाल्यावर जनसंपर्काच्या व्यावसायिक मान्यतेसाठी अर्ज केला. मिळाली तर विभागप्रमुखाची खुर्ची माझी, नाहीतर नागपूरहून कोणीतरी येऊन माझ्या डोक्यावर बसणार, हे साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. लेखी परीक्षा सहज काढली. उरली मुलाखत आणि आपल्या कामाची फाईल.

फाईलमधलं सगळ्यात देखणं कात्रण चामोर्शीकडच्या एका जंगलगावातल्या आरोग्य शिबिराचं. चार कॉलम, 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. खरं सांगू? ते शिबिर झालंच नव्हतं. आमच्याकडे बातमी आदल्या दिवशीच लिहून पाठवायची रीत, तशी मी पाठवली. सकाळी डॉक्टरांना घेऊन पोचले तर गावाच्या शिवेवर आंब्याची पानं बांधलेली दोरी, पलीकडे एक म्हातारे भाऊ.

"बाई, आज गावदेवाच्या पूजेसाठी गाव बांधून हाय. आज कोणी आत येत नाई, बाहेर जात नाई."

"मग आधी सांगायचं ना, भाऊ."

"तुमी काऊन नाई इचारलं?"

तारीख मी डॉक्टरांच्या सवडीने ठरवली होती, गावाला विचारायचं सुचलंच नव्हतं. आल्या पावली परतलो. दुसऱ्या दिवशी बातमी थाटात छापून आली. लाज वाटली, पण खुलासा पाठवला नाही, कात्रण मात्र जपून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नेमकं तेच पान उघडलं. "छान. किती रुग्ण तपासले?"

एखादा आकडा ठोकून दिला असता तर कोण त्या जंगलात विचारायला जाणार होतं? आकडा जिभेवर आलाही होता. पण त्या भाऊंना काय उत्तर दिलं असतं मी?

"एकही नाही," म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

"मग हे लावलंत कशाला?"

"सगळ्यात चांगलं दिसत होतं म्हणून."

"आणि बाकीची?"

मी फाईल माझ्याकडे ओढली. ज्या कामाआधी लोकांना खरोखर विचारलं होतं, तेवढीच पानं काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"एवढ्यावर तपासा."

त्यांनी तपासलं. मान्यता मिळाली, खुर्चीही मिळाली, आणि ती मी हक्काने घेतली. पण बारा वर्षांतून पानं निघाली तीनच, ते अजून सलतं.