ढवळीने रवंथ सोडला

धुकं इतकं दाट होतं की गोठ्याच्या दारातून समोरचा उकिरडासुद्धा दिसत नव्हता. दूधवाली मावशी बादली गुडघ्यांत धरून तांबडीची धार काढत होती आणि तिचा एक कान पलीकडे ढवळीकडे लागला होता. गाई पाळणाऱ्या माणसाला रवंथाचा आवाज ऐकावा लागत नाही, तो थांबला की मात्र लगेच कळतं. आज तो थांबला होता.

मावशी उठली. ढवळी खाली बसलेली, मान लांबवलेली, जबडा स्तब्ध. रात्रीचा चारा गव्हाणीत तसाच पडून. मावशीने तिच्या डाव्या कुशीत मूठ रोवली. एरवी तिथे आत ढग गडगडल्यासारखं व्हायचं. आज कूस हवा भरलेल्या टायरसारखी टणक आणि मुकी.

"अहो, इकडे या जरा. ही चघळत नाहीये."

मावशीचा नवरा अंगाभोवती घोंगडी गुंडाळत आला. "थंडी आहे. मलासुद्धा सकाळी काही चघळावंसं वाटत नाही."

"तुम्हाला दात आहेत का चघळायला?"

तो हसला, कुशीवर हात ठेवला आणि मग त्याचं हसू कुठच्या कुठे गेलं. "डॉक्टरला फोन लाव," तो सुनेला म्हणाला.

ढवळीची आई ती जन्मली त्याच आठवड्यात गेली होती. मावशीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं, आणि आता अख्खं घर तिच्या चार सडांवर उभं होतं. तांबडी गाभण, दूध आटत आलेलं. ढवळी गेली तर उद्या दारात भांडी घेऊन उभ्या राहणाऱ्यांना काय सांगायचं, हा विचार मावशीने मनात येऊच दिला नाही. त्यापेक्षा भांडण बरं. कूस अशी फुगली म्हणजे गाईने प्लास्टिक खाल्लं असणार, असं धरून ती तरातरा कोपऱ्यावर गेली.

कोपऱ्यावर चहावालीची टपरी होती आणि टपरीशेजारी कचऱ्याचा ढीग. साथ आली तेव्हापासून माणसं प्रत्येक गोष्ट प्लास्टिकात गुंडाळून घ्यायला शिकली होती. साथ गेली, पण गुंडाळणं काही गेलं नाही. हातमोजे, पिशव्या, पाकिटं, कपांची झाकणं, चमचे, सगळं त्या ढिगात धुक्याने ओलं होऊन चकाकत होतं.

"तुझ्या ह्या पिशव्यांनी माझी गाय मरायला टेकलीय," मावशी म्हणाली.

चहावालीने भांड्यातलं आधण ढवळत तिच्याकडे पाहिलं. "तुमची गाय माझ्याकडे चहाला कधी आली हो? एवढी वर्षं मी इथे बसते. आवाराच्या फाटकाबाहेर तिचं शेपूटसुद्धा पाहिलं नाही मी."

ते खरंच होतं. ढवळी आवाराबाहेर जात नव्हती. दुपारी दावं सोडलं की गोठा, हौद आणि उकिरडा एवढंच तिचं जग. मग पोटात गेलं काय, आणि आलं कुठून? मावशी तशीच मागे फिरली.

ऊन पडता पडता गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी कुशीवर टिचक्या मारल्या, नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं. "आत काहीतरी अडकलंय. कूस उघडून बाहेर काढावं लागेल. उभ्याउभ्याच."

"वाचेल का?"

"उघडल्याशिवाय काय सांगू, मावशी? नाही उघडलं तर मात्र आत्ताच सांगतो."

नवऱ्याने ढवळीला उठवून वेसण धरली. सुनेने गरम पाण्याची बादली आणली. मावशी ढवळीच्या तोंडाशी उभी राहिली, म्हणजे मागचं काही बघायला नको. इंजेक्शनाने कूस बधिर झाली होती. ढवळी नुसती डोळे मोठे करून उभी होती. डॉक्टरांचा हात दंडापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो एक करडा पीळ घेऊन. मग दुसरा. मग एकमेकांत गुंतलेला नारळाएवढा गोळा. आंबलेल्या दुधाचा भपकारा गोठाभर पसरला.

सुनेने त्यातला एक तुकडा बादलीत खळबळला. निळसर रंग वर आला, दोन्ही बाजूंना लवचीक दोऱ्या. ती तशीच ओणवी राहिली.

"आई, हे आपलेच मास्क आहेत."

"कशावरून?"

"दोरी उलटी लागलीय बघा. हे माझ्याच हातचे."

साथीच्या काळात सून पलीकडच्या शेडमध्ये मास्क शिवायला जायची. साथ ओसरली, शेडला कुलूप लागलं, आणि दोरी चुकलेल्या मास्कची पोती मालकाने ज्याला हवी त्याला वाटून टाकली. नवे कोरे, टाकायचे कशाला? सुनेने आणलेले ते मास्क दूध गाळायला वापरायची अक्कल मावशीची होती. मास्कच्या दोऱ्या कॅनच्या कानांत अशा अडकायच्या की जणू कॅनसाठीच शिवल्यात. धार गाळायची आणि दुधाने निथळणारा मास्क उकिरड्यावर भिरकावायचा. गिऱ्हाईकं म्हणायची, मावशी, तुमच्या दुधात केससुद्धा सापडत नाही. मावशी त्यावर फुलायची. आणि दुपारी मोकळी सुटलेली ढवळी दुधाच्या वासाने उकिरड्यापाशी जाऊन चाटत बसायची.

"मीच चारलं तिला," मावशी पुटपुटली.

"आई, मलाही सुचलं नाही," सून म्हणाली.

डॉक्टरांनी कूस शिवली. "रवंथ सुरू झाला तर समजा सुटली. आज नुसतं पाणी आणि थोडा हिरवा पाला."

"आणि तांबडी?"

त्यांनी तिलाही नळी लावली. "हिचं पोट वाजतंय. पण आत काय आहे ते मला बाहेरून कसं दिसणार?"

त्या वाक्याने मावशीच्या जिवाला घोर लागला. तांबडीच्या पोटात वासरू होतं, त्याच्या शेजारी आणखी काय होतं कोण जाणे. शिवाय ह्याच उकिरड्याचं खत गाड्या भरभरून तिच्या भावाच्या मळ्यात गेलं होतं. तिकडच्या बैलांनी काय काय चाटलं असेल? तिने भावाला फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

मग तिने दाताळं घेऊन उकिरडा उपसायला घेतला. सून पोतं धरून उभी राहिली. शेण, चिपाडं, राख, आणि प्रत्येक ओढीला निळी पांढरी फडकी. वरची तर वरची, पण खालची, पार तळातली, तीही जशीच्या तशी. शेणाची माती झाली होती, त्यांना काहीसुद्धा झालं नव्हतं.

फाटकात चहावाली किटली घेऊन उभी होती. "आहे ना अजून?"

"आहे," मावशी मान वर न करता म्हणाली. "पिशव्या तुझ्या नव्हत्या. माझ्याच घरचं निघालं."

"बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी रोज तुमच्या गाईला कपबशी मांडून ठेवली असती." तिने किटली खाली ठेवली आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.

दुपार कलली तेव्हा भावाचा फोन आला. बैल ठीक होते. पण कोबीच्या वाफ्यात चिंध्या निघताहेत, तो म्हणाला, मला वाटलं वाऱ्याने आल्या. मावशीने त्याला सगळं सांगितलं.

संध्याकाळी ढवळीच्या गळ्यातून काहीतरी वर सरकलं. जबडा एकदा फिरला, दोनदा फिरला, थांबला. मावशी श्वास धरून बसली. पुन्हा एकदा फिरला, आणि पुन्हा थांबला. हा रवंथ म्हणायचा की नुसती तोंडाची हालचाल, हे एवढ्या वर्षांच्या अनुभवानेही तिला ठरवता येईना.

फाटकाशी भांडी वाजली. दूध न्यायला माणसं आली होती, आणि तांबडी दाव्याला हिसडे देत होती. मावशीने बादली विसळली, तांबडीच्या कुशीला डोकं टेकवलं आणि धार काढायला बसली.